ओळंब्याची तळटीप

सन्माननीय अध्यक्ष आणि वचनदीप भाषांतर मंडळाचे प्रमुख विश्वस्त श्री. सुखदेवराव रणपिसे साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले इतर विश्वस्त आणि धर्मगुरू, आजचा मांडव, खुर्च्या आणि चहा ज्यांच्या सौजन्याने आहे ते आमचे शेजारी बांधकाम व्यावसायिक, समोर बसलेले मंडळाचे हितचिंतक, वसतिगृहातल्या मुली, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत व ज्यांना तो नको होता, त्या आपल्या प्रेमलाबाई उजागरे.

हे शेवटचं मी लिहून आणलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण आता गेलं ते गेलं.

निवेदिका वल्लरीताई मघाशी माझ्या कानात म्हणाल्या, "सर, पाच मिनिटं. आणि जरा गोड बोला." पाच मिनिटांचं बघतो. गोडाचं मात्र, जन्म पुण्यातला असल्यामुळे, वचन देता येत नाही.

ज्यांना मी कोण हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी ज्ञानदेव बराटे, निवृत्त मराठी शिक्षक. घर इथलंच, हिंगण्याचं. कर्वेनगर झालं त्याच्या आधीपासूनचं. या सभागृहाच्या जागी आमच्या चुलत्यांची ज्वारी होती, त्यामुळे इथे मी पाहुणा की यजमान हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी ख्रिस्ती नाही. बाईंनी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नव्या भाषांतरासाठी मराठी तपासणारा माणूस हवा अशी जाहिरात दिली होती आणि तिच्यात अट घातली होती, 'भांडायची तयारी असावी.' मी घरी जाहिरात वाचून दाखवली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुमचं नाव टाकायचंच राहिलंय तेवढं."

तर असा मी इथे आलो. बाई मूळ हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायच्या आणि मी त्यांचं मराठी डावीकडून उजवीकडे. मध्ये कुठेतरी गाठ पडली की भांडण. सकाळी हे काम, आणि संध्याकाळी बाई मागच्या वसतिगृहातल्या मुलींच्या रेक्टर. विदर्भ-मराठवाड्यातून शिकायला आलेल्या मुली. कुणाची परीक्षा, कुणाचा ताप, कुणाला घरची आठवण. बाईंचं लग्न झालं नाही, पण त्यांना लेकी किती असं विचारलं तर मला मोजता येणार नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, या प्रसंगी हिब्रूची काय कथा? अहो, प्रसंगाचं मूळच हिब्रू आहे! कागदावर कारण वयोमर्यादेचं आहे. मी विचारतो, बाईंचं वय काय या वर्षी अचानक वाढलं? दरवर्षी सगळ्यांचं वाढतं तसंच ते वाढत होतं की. एका शब्दाने त्यांचं वय विश्वस्तांच्या नजरेला आणून दिलं. तो शब्द कोणता, हे या सभागृहात आज एकदा तरी उच्चारलं गेलं पाहिजे.

आमोस नावाचा एक संदेष्टा होता. मेंढरं राखणारा, खेड्यातला माणूस. जवळजवळ पावणेतीन हजार वर्षं झाली त्याला. त्याला एक दृश्य दिसतं. देव एका भिंतीवर उभा आहे आणि त्याच्या हातात काहीतरी आहे. देव विचारतो, आमोस, तुला काय दिसतं? आमोस एकच शब्द बोलतो: अनाख. मग देव म्हणतो, बघ, मी माझ्या लोकांमध्ये अनाख ठेवतो आहे, आणि यापुढे त्यांची गय करणार नाही. बस्स. दोन ओळींत हा शब्द चार वेळा येतो, भिंतही अनाखची आणि हातातही अनाखच, आणि अख्ख्या हिब्रू शास्त्रात पुन्हा कुठेही येत नाही. दुसरीकडे कसा वापरलाय ते बघून अर्थ लावावा, तर दुसरीकडे तो नाहीच. सगळी पंचाईत तिथे आहे.

जुनी मंडळी म्हणत आली, ओळंबा. दोरीला बांधलेला गोळा, गवंडी भिंतीला लावतो आणि भिंत सरळ की कललेली ते बघतो, तो. मी खूश झालो. मी म्हणालो, "बाई, ओळंबा फक्कड शब्द आहे. ठेवा आणि पुढे चला." बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शब्द फक्कड आहे हो. पण आमोसचा आहे का?"

मग त्यांनी मला समजावलं. आमोसच्या लोकांच्या शेजारच्या मोठ्या राज्यात मातीच्या विटांवर खिळ्यांसारखी अक्षरं कोरायचे, त्या भाषेत असाच एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आता विद्वानांनी लावलाय तो कथील. कथलाचा ओळंबा कोण करील? ओळंब्याला जड शिसं लागतं. म्हणजे कथलाच्या भिंतीवर देव हातात कथील घेऊन उभा. मी म्हणालो, "मग देव कल्हईवाला झाला म्हणायचा!" मला वाटलं, बाई हसतील. त्या म्हणाल्या, "असेलही. आतून हिरवं पडलेल्या पातेल्याचं दुसरं काय करतात?" त्यानंतर मी पाणी प्यायला गेलो.

आणि एक तिसरा अर्थ होता, तो त्या जरा हळू आवाजात सांगायच्या. हिब्रूत कण्हण्याला, उसाशाला जो शब्द आहे तो कानाला अनाखच्या अगदी जवळचा. हा आमोस कानाने बोलणारा माणूस. पुढच्याच एका दृश्यात त्याला पिकलेल्या फळांची पाटी दिसते, आणि त्याच्या भाषेत उन्हाळी फळ आणि शेवट हे शब्द जवळजवळ एकसारखे वाजतात. तसंच इथे असेल तर? देवाच्या हातात कथील, आणि लोकांमध्ये ठेवलेलं ते कण्हणं. बाई मला म्हणाल्या, "सर, मराठीत असा एक शब्द द्या, ज्यात वस्तूही आहे आणि वेदनाही आहे."

मी दोन दिवस घरात शब्दकोश उघडून बसलो. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणालो, कळ! यंत्राची कळ आणि पोटातली कळ. बाईंनी वाक्यात घालून वाचलं, 'पाहा, मी माझ्या लोकांमध्ये कळ लावतो आहे.' आणि आम्ही दोघंही इतके हसलो की खालून मुली बघायला आल्या. देवाला कळलावा ठरवून आम्ही तो नाद सोडला. विश्वस्त मंडळाच्या बैठका पाहता अर्थ अगदीच चुकीचा नव्हता, हा भाग वेगळा.

शेवटी बाईंनी काय केलं? ओळंबा हाच शब्द ठेवला. हो, हे नीट ऐका, कारण बाहेर वेगळंच पसरलंय. बाईंनी ओळंबा काढला नाही. त्यांनी खाली फक्त एक तळटीप दिली: 'मूळ शब्दाचा अर्थ निश्चित नाही, कथील असाही अर्थ संभवतो.' एवढंच. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

आणि तिथेच आग लागली. बैठकीत रणपिसे साहेब म्हणाले... साहेब, माझ्या मनात आपल्याविषयी आदर आहे, आपण या संस्थेसाठी आयुष्य झिजवलंत, ते मी नाकारत नाही. पण आपण म्हणालात, "बाई, लोक शास्त्र वाचतात ते निश्चिंत व्हायला. देवाच्या वचनाखाली 'अर्थ निश्चित नाही' असं छापायचं? उद्या लोक काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "निश्चित आणि निश्चिंत यांत एका अनुस्वाराचा फरक आहे, साहेब. अनुस्वार उगाच देऊ नये." मुद्रितशोधनात उभा जन्म गेलेला मी, टाळी वाजवणार होतो. पण टाळ्यांची बैठक नव्हती ती.

आता साहेबांना ओळंब्याबद्दल एवढी आपुलकी का, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मागच्या अंगणात... नाही, तिथे जाऊ नका, मी सांगतो इथूनच. मागे मुलींच्या जेवणाची शेड आहे. शेडच्या पलीकडे कुंपणाची उंच भिंत. गेल्या वर्षी ती भिंत आमच्या शेजाऱ्यांनी बांधून दिली, त्यांचे आभार. तिच्यावर संगमरवरी पाटी बसवली. पाटीवर साहेबांनी निवडलेलं वचन कोरलं: 'पाहा, मी माझ्या लोकांमध्ये ओळंबा लावत आहे.' फीत कापली, फोटो निघाले. बाईंनी फक्त विचारलं, "आणि पुढचं वाक्य?" उत्तर मिळालं, "ते शुभ नाही हो बाई. आणि पाटीवर जागाही नाही."

पुढचं वाक्य काय, ते तुम्ही मघाशी ऐकलंत. यापुढे त्यांची गय करणार नाही. अहो, दारावर कोर्टाची नोटीस आली आणि आपण तिच्यातलं 'सप्रेम नमस्कार' तेवढं कापून चौकटीत लावलं! अशी चूक करायला शास्त्र रोज वाचावं लागतं. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला ती जमली नसती.

चिठ्ठी पोचली, साहेब. 'वेळ संपली.' हो. आवरतो. आमच्या शाळेत घंटा झाल्यावरच मुलं खरी ऐकायची.

या पावसाळ्यात शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणला. खणलेली माती कुठेतरी ठेवायला हवी. ती पलीकडून आमच्या भिंतीला टेकवून ठेवली. ढीग वाढत वाढत भिंतीच्या माथ्याला आला, आणि वरून पाऊस पडतोच आहे. आमची उत्कर्षा, वाशिमची, ती तिथे, मागच्या दारापाशी उभी आहे बघा, ती एका संध्याकाळी ताट हातात घेऊन बाईंना म्हणाली, "मॅडम, ते पाटी पहिले सरळ होती. आता आमच्याकडं वाकून पाहून राहिली."

बाकीच्या मुली हसल्या. बाई उठल्या, तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नीट सांग. तुला काय दिसतं?" ती म्हणाली, "भिंत दिसते, मॅडम. येऊन राहिली ते आपल्या अंगावर."

त्या दिवसापासून बाईंनी शेडमधली टेबलं भिंतीपासून लांब ओढून घेतली आणि मुलींना दोन पंगतींत जेवायला बसवलं. विश्वस्तांना कळवलं, शेजाऱ्यांना कळवलं. शेजाऱ्यांचा माणूस येऊन भिंतीवर हात थापटून गेला. "मॅडम, काही होत नाही, आरसीसी आहे." हात थापटून आरसीसी कळतं, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

मग ती बैठक. त्याच बैठकीत, तळटीप काढून टाकायचं ठरल्यावर, बाईंनी भिंतीचा विषय काढला. म्हणाल्या, "एखादा अभियंता आणून निदान भिंतीला ओळंबा तरी लावून बघा." आणि साहेब, आपण म्हणालात, "गंमत आहे! पुस्तकात ओळंबा तुम्हाला निश्चित वाटत नाही, आणि भिंतीला मात्र तोच पाहिजे?"

सगळे हसले. वाक्य झकासच होतं, पुणेरी म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. पण मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. एक बाई चाळीस-पन्नास लेकरांच्या जिवासाठी बोलते आहे, आणि तुम्ही कोटी करता? त्या दिवशी बाईंनी कागद गोळा केले. तळटीप नसलेल्या प्रतीवर त्यांनी सही केली नाही, आणि पुढच्या आठवड्यात संस्थेला वयोमर्यादा आठवली. रेक्टरची खोलीही या महिनाअखेर सोडायची आहे. नवीन रेक्टर कोण, ते अजून ठरलेलं नाही. आजच्या चहासाठी शेडमधली टेबलं पुन्हा भिंतीलगत मांडली, कारण फोटोत पाटी यायला हवी.

त्या आमोसचं पुढे काय झालं, सांगू? या शब्दाच्या नंतर लगेच, त्याच पानावर, तिथला मोठा पुजारी राजाला कळवतो की या माणसाचं बोलणं देशाला सोसवत नाही. आणि आमोसला म्हणतो, बाबा रे, तू आपला तुझ्या मुलखात जा, तिथे काय ती भाकरी मिळव, इथे बोलू नकोस, ही राजाची जागा आहे. आमोसला शाल आणि श्रीफळ दिल्याचा उल्लेख नाही. त्या बाबतीत आपण सुधारलो.

आमची मराठी मोठी चतुर. तिच्यात निरोप म्हणजे सांगावा आणि निरोप म्हणजे बोळवण. बाईंनी आपल्याला निरोप आणून दिला होता. आपण तो ऐकला नाही, आणि उलट त्यांनाच निरोप देतो आहोत. बाई, मला आज फार वाईट वाटतंय. हे सभेत बोलायचं नसतं, पण वाटतंय. तुमच्याशी भांडल्याशिवाय सकाळ कशी काढायची, मला माहीत नाही.

बाई, मान हलवून मला बसा म्हणू नका. दोनच गोष्टी राहिल्या.

पहिली ही. ही पिशवीतली वस्तू. काल मी कर्वेनगरच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतली. दुकानदार म्हणाला, "काका, आता लेझर आलंय, हे कोण घेतं?" ओळंबा आहे. पितळी आहे, कथलाचा मिळाला नाही. आज सकाळी तुम्ही चर्चला गेला होतात तेव्हा उत्कर्षाने आणि मी शिडी लावली आणि हा भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडला. वर दोरी भिंतीला टेकलेली होती. खाली गोळा लोंबत होता तो भिंतीच्या पायापासून वीतभर अलीकडे. वीतभर! मी खाली वाकून पुन्हा माप घेतलं. मला वाटलं, वाऱ्याने दोरी हलतेय म्हणून तसं दिसतंय. पण वारा नव्हता आणि दोरी स्थिर होती. आणि आम्ही तिथे उभे असताना पाटीच्या कोपऱ्यातून चिमूटभर माती खाली पडली. उत्कर्षा म्हणाली, "सर, चला इथून."

अध्यक्ष महाराज, मी आपल्याला विचारतो, या सभागृहालाच विचारतो, शेजाऱ्यांनाही विचारतो. आपल्याला काय दिसतं? मला विद्वानांची उत्तरं नकोत. पलीकडची माती आज, आत्ता हलवायला लावा. आणि ती हलेपर्यंत मुली याच सभागृहात जेवतील. कुणाला हे मान्य नसेल तर त्यांनी आपलं ताट घेऊन त्या पाटीखाली आधी स्वतः बसून दाखवावं.

दुसरी गोष्ट. मघाशी वल्लरीताईंनी जाहीर केलं की चहा मागच्या अंगणात आहे. तो तिथे नाही. मी केटररला सांगून सगळं पुढच्या दारी हलवलं आहे. परवानगी घेतली नाही, कारण मिळाली नसती. मागच्या दाराला कडी लावली आहे आणि तिच्यासमोर उत्कर्षा उभी आहे. ती वाशिमची आहे, तिला समजावायला जाऊ नका, दमाल.

आता आभार. मंडळाचे आभार, ज्यांनी मला बोलायला बोलावलं. पुन्हा बोलावतील असं वाटत नाही. सर्वांचे आभार, की कुणी मध्येच उठून गेलं नाही. बोलण्याच्या ओघात ज्येष्ठांचा अवमान झाला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, आवाज चढला असेल, तर ते माझं उणं समजून पदरात घ्या. मला क्षमा करा. भिंतीला करू नका.

आणि बाई, तुमची तळटीप मला पुस्तकात छापून आणता आली नाही. ते माझ्या हातात नव्हतं. म्हणून आज सकाळी, शिडी काढून ठेवल्यावर, त्या पाटीच्या खाली, भिंतीच्या अगदी तळाशी, मी खडूने एक तळटीप लिहून आलो आहे. मोठ्या अक्षरात. 'येथे कोणीही उभे राहू नये. अर्थ निश्चित आहे.'

चहा पुढच्या दारी आहे. नमस्कार.